दुर्बीण : उजेडाची आणि अंतराची

१

‘दुर्बीण’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. यंत्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी फारसीत ‘दूरबीन’ हे विशेषण होते आणि ते पुढचे ओळखणाऱ्या, दूरदृष्टीच्या माणसाला लावले जाई. यंत्र आले तेव्हा माणसाचे विशेषण यंत्राचे नाव झाले. या शब्दाला तेथे एक बहीणही आहे : ‘खुर्दबीन’, म्हणजे बारीक पाहणारी, आपला सूक्ष्मदर्शक. ती मराठीत रुळली नाही. ‘खुर्द’ मात्र आपल्या गावांच्या नावांत ‘बुद्रुक’च्या शेजारी सुखाने नांदतो आहे.

शब्दापासून आरंभ करण्याचे कारण केवळ भाषेच्या अध्यापकांची खोड हे नव्हे. नाव हे वस्तूविषयीची आपली अपेक्षा ठरवत असते. दुर्बीण विकत घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती लांबचे दिसते?’ हा. यंत्राचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न गौण ठरतो. अंतरावर या यंत्राने पहिल्या काही वर्षांतच मात केली. पुढची जवळजवळ चार शतके ते झगडले ते उजेडासाठी. मग नावातल्या ‘दूर’चे करायचे काय? त्याचा अर्थ वेगळा लावावा लागेल, आणि तो कोणता हे सांगण्यासाठी आम्हांला पनवेलजवळच्या कर्नाळ्याइतके सोयीचे दुसरे ठिकाण दिसत नाही.

२

पनवेलपासून सुमारे बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा किल्ला आहे. त्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. कोकणच्या बंदरांतून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवणे हे या किल्ल्याचे काम. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, तो मोगलांकडे गेला. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो परत घेतला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी जिंकला. या साऱ्या काळात किल्ल्यावरून पाहण्याला मराठीत एकच क्रियापद होते : टेहळणे. टेहळणीत पाहणाऱ्याच्या मनात शत्रू आधीच असतो. डोळा फक्त त्याची वाट पाहत असतो.

दुर्बिणीचा जन्मही अशाच टेहळणीच्या गरजेतून झाला. १६०८ मध्ये मिडलबर्ग येथील चष्मे करणारा हान्स लिपरहे याने डच शासनाकडे आपल्या नळीसाठी एकाधिकार मागितला. देश तेव्हा स्पेनशी झुंजत होता. शासनाने नळी पाहिली, पसंत केली आणि लगेच सांगितले की दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून दे. त्याने ती करूनही दिली. एकाधिकार मात्र मिळाला नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक असल्याचे दिसून आले. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने आपली नळी आकाशाकडे वळवली. म्हणजे आज आपण गळ्यात अडकवतो त्या जोडदुर्बिणीची कल्पना दुर्बिणीइतकीच जुनी आहे. ती नीट साधायला मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागली. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ मध्ये लोलकांची मांडणी शोधली. तिच्यामुळे उलटी दिसणारी प्रतिमा सुलटी झाली आणि लांब नळी आखूड झाली. योग्य प्रतीची काच हाती आल्यावर एर्न्स्ट आबे आणि त्साइस यांच्या कारखान्याने १८९४ मध्ये लोलकांची जोडदुर्बीण बाजारात आणली. लष्कर, नौदल आणि शिकारी हे तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक.

३

‘टेहळणे’चे ‘हेरणे’ झाले ते शिकारीत. आपल्याकडचा निसर्गाभ्यासही बराच काळ बंदुकीच्या सावलीत वाढला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोघे एतद्देशीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. एका भावाने भाषेतील शब्दांची वर्गवारी केली आणि दुसरा प्राणिमात्रांची वर्गवारी करणाऱ्या संस्थेच्या पायाशी उभा राहिला, हा योग आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये असा आहे. पण त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो आधी पाडायचा. कातडे सोलून, पेंढा भरून, मोजमापे घेऊन मगच त्याचे नाव ठरे.

हे बदलले कसे, याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बर्लिनहून शिकून आलेल्या सलीम अलींना नोकरी नव्हती. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे दिवसच्या दिवस पाहत बसले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तरच जोडा जमतो आणि तिची सोय लागली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी तेथे उलगडला. मेलेल्या सुगरणीची कितीही मोजमापे घेतली असती तरी हे कळले नसते. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि जिवंत पक्षी त्याच्या खुणांवरून, लांबूनच ओळखण्याची सवय सामान्य वाचकाला लागली. बंदुकीच्या जागी दुर्बीण आली ती अशी. पुढे १९६८ मध्ये कर्नाळ्याला पक्षी अभयारण्य झाले, तेव्हा अवघे साडेचार चौरस किलोमीटरचे. २००३ मध्ये ते बारा चौरस किलोमीटरांपर्यंत वाढवण्यात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीची वाटच अरुंद केली.

मराठी गद्यातही हा बदल वाचता येतो. तरुणपणी शिकारीचा छंद असलेले व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात नुसते पाहण्यासाठी जाऊन राहिले, आणि वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षावरची त्यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी १९८३ च्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा यांच्या जडणघडणीत वाटा असलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध करून पक्ष्यांची नावे भाषेत परत आणली. २०२५ हे त्यांच्या पद्मश्रीचे वर्ष, आणि निधनाचेही. या दोघांच्या लेखनाला ‘टेहळणे’ लागू पडत नाही, ‘हेरणे’ही नाही. त्यासाठी मराठीजवळ तिसरे क्रियापद आहे : न्याहाळणे. त्यात घाई नाही आणि पाहण्यापलीकडचा हेतूही नाही.

४

न्याहाळायचे तर यंत्र कसे निवडावे? दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ भासते तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. ८ × ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या १० × २५ मध्ये फक्त अडीच. भर दुपारी माळरानावर दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही, कारण बाहुलीच तेव्हा आक्रसलेली असते. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणून रात्रीच्या पहाऱ्यासाठी नौदलांनी ७ × ५० पसंत केली.

येथे वयाचाही हिशेब करावा लागतो. मराठीने चष्म्याला ‘चाळिशी’ म्हटले ते अगदी योग्य. पण चाळिशीत केवळ जवळचे दिसेनासे होते असे नाही, बाहुलीचे उघडणेही कमी होऊ लागते. आमच्या वयाच्या अध्यापकाला ७ × ५० चा सगळा प्रकाश डोळ्यात घेता येईलच असे नाही. वजन मात्र सगळे मानेवर येते. त्याला ८ × ४२ पुरे. चष्मा लावणाऱ्याने एवढे अधिक पाहावे की नेत्रिकेपासून डोळा पंधरा-सोळा मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसते की नाही. दहा पटींच्या पुढे हाताचा कंपच मोठा होऊन दिसतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

भिंगांवरील लेपाची गोष्ट तर खास उजेडाच्या इतिहासातली. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग निदान चार टक्के प्रकाश परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. १९३५ मध्ये त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप शोधला आणि जर्मनीने तो लष्करी गुपित म्हणून जपला. आज चांगल्या दुर्बिणीतून नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार होतो.

हे गणित कर्नाळ्यात कोठे उपयोगी पडते? जूनपासून तिबोटी खंड्या येथे विणीसाठी येतो. हा रायगडचा जिल्हापक्षी. चिमणीहून लहान, आणि जांभळा, नारिंगी, निळा असे सगळे रंग अंगावर मिरवणारा. तो येतो तो नेमका वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या दिवसांत. वर ढग, खाली दाट पालवी, ओढ्याकाठच्या दरडीत बीळ. दुपारी दोन वाजताही तेथे सांज असते. पक्षी असतो वीस पावलांवर; अंतराची अडचण नसतेच, अडचण असते ती उजेडाची. अशा वेळी दहापट मोठा पण काळवंडलेला ठिपका पाहण्यापेक्षा आठपट आणि रंगासकट पाहणे केव्हाही बरे. आणि कोकणचा पाऊस दुर्बिणीच्या आतही शिरतो : भिंगावर बुरशीचे जाळे धरले की उजेड कायमचा गेला. म्हणून नायट्रोजन भरलेली जलरोधक दुर्बीण घ्यावी, घरी ती कातडी पिशवीत कोंडू नये, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवावी.

५

रात्रीचे पाहणे हा उजेडाच्या कथेचा शेवटचा अध्याय. महाराष्ट्राच्या जंगलांतली जुनी रीत साधी आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायचे आणि चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरे मोजायची. वैशाखात पाणी आटलेले, म्हणून जनावर येणारच. आणि दिवा चंद्राचा, म्हणून ते बिचकत नाही. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एक विजेरी पेटली की ही सगळी कमाई क्षणात जाते. लाल कागद लावलेली मंद विजेरी चालते ती याच कारणाने.

अंधारदर्शी यंत्रे युद्धाने दिली. दुसऱ्या महायुद्धात अवरक्त दिवा लावून पाहत. व्हिएतनामच्या युद्धात दिव्याशिवाय, तारकांचा प्रकाश हजारो पटींनी वाढवून पाहू लागले. आज बाजारात तीन जाती मिळतात. प्रकाशवर्धक नळीची दुर्बीण महाग असते आणि भरउजेडात उघडली तर बिघडू शकते. अंकीय दुर्बीण स्वस्त असते, पण बहुधा स्वतःच्या अवरक्त दिव्यावर चालते. तिच्या दिव्याची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असेल तर अंधुक लाल ठिपका दिसतो, ९४० असेल तर दिसत नाही पण पल्ला घटतो. पावसात आणि धुक्यात तो दिवा थेंबांवरूनच परत येतो. तिसरी उष्मादर्शी, ती प्रकाश नव्हे, शरीराची ऊब पाहते. झुडपाआड बिबट्या बसला आहे हे ती सांगेल, त्याचे ठिपके सांगणार नाही. या यंत्रांतून दिसणाऱ्या जगाला आपले रंग नसतात. हळद्या, तांबट, नीलपंख ही दिवसाची नावे तेथे निरर्थक ठरतात. रातवा कानानेच ओळखायचा असतो, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

तरीही रात्रीच्या यंत्राने एक मोठे काम केले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील उसाच्या शेतांत स्वयंचलित कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे आढळले, तेही भर वस्तीत. माणसे झोपलेली असताना ते अंगणावरून निघून जात होते. ज्याला ‘घुसखोर’ म्हटले जाते तो शेजारी निघाला. पण हीच साधने चोरट्या शिकाऱ्याच्याही हाती पडू शकतात, आणि मग न्याहाळण्याचे पुन्हा हेरणे व्हायला वेळ लागत नाही. अभयारण्यात रात्री वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये, हा नियम म्हणूनच केवळ कागदी नाही.

६

निवडताना उजेड पाहावा, एवढे येथवर सांगून झाले. ‘दूर’चा अर्थ वापरताना उमगतो. विणीच्या दिवसांत तिबोटी खंड्याच्या बिळापाशी माणसांची गर्दी झाली की चोचीत पाल धरलेला पक्षी फांदीवर ताटकळतो आणि आत पिल्ले उपाशी राहतात. दुर्बीण असलेल्याला तेथे जाण्याचे कारणच उरत नाही. लांबचे जवळ आणणे हे तिचे काम खरे. पण ती पाहणाऱ्याला लांब राहू देते, हे त्याहून मोलाचे. दूरबीन म्हणजे दूर राहून पाहणारा. असा अर्थ घेतला तर ते यंत्राला दिलेले विशेषण पुन्हा माणसाला देता येते.

अंतर राखण्याची ही गरज आता वाढत जाणार आहे. कर्नाळ्याच्या पोटातून महामार्ग जातो. पलीकडे २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. पनवेलचे रात्रीचे आकाश काळे राहिलेले नाही. उजेडासाठी चारशे वर्षे झटलेल्या यंत्राच्या वाट्याला आता असा परिसर आला आहे, जेथे दुर्मीळ काही असेल तर तो अंधार. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी चितमपल्ली आणि माडगूळकर वाचावेत, आणि ते वाचून झाल्यावर एखाद्या सकाळी साधी ८ × ४२ गळ्यात अडकवून कर्नाळ्याच्या ओढ्याकाठी दोन तास न बोलता बसावे. ‘न्याहाळणे’ हे क्रियापद वर्गात शिकवून शिकवता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.