चौदा नंबरची वही

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1961 आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तारीख 1 जूनच. जूनमध्ये शाळा भरायची. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, एवढं मास्तर बघायचे आणि तारीख टाकून मोकळे व्हायचे. आई मात्र सांगायची, "पानशेत फुटलं तवा तू पोटात व्हतास." पानशेत फुटलं 12 जुलै 1961ला. म्हणजे कागदावर मी जन्माच्या आधीच जन्मलो.

माझं काही अडलं नाही. अडलं ते थोरल्या अक्काचं. अक्का शाळेत गेलीच नाही. आधारच्या वेळी पोरानं विचारलं, "आजी, वय?" ती म्हणाली, "आसंल की पन्नास." त्यानं 1 जानेवारी 1962 टाकलं. माझ्यापाठची झाली ती! 2022 साली ती श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन गेली, तर पासष्ट पुरी नाहीत म्हणून परत पाठवली. नवरा गेलेला, रान विकलेलं. महिन्याचे ते पैसे म्हणजे तिच्या औषधाची सोय होती. मग मी तिच्या जन्माचा दाखला काढायला निघालो.

आता ही नोंद कुठं असते ते सांगतो, कारण ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. इंग्रजांनी 1886 साली नोंदणीचा कायदा केला होता, पण तो मर्जीचा होता. खेड्यात खरं काम चाललं ते गावच्या दप्तरावर. कोतवालानं घरोघरची खबर आणायची, पाटलानं वहीत लिहायची. ती वही म्हणजे गाव नमुना नंबर 14. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. तिची कागदं तालुक्याला जमा व्हायची, म्हणून जुनी पानं आज तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. पुढं 1969चा कायदा आला. आपल्या राज्यात तो 1 एप्रिल 1970पासून लागू झाला आणि नोंद करणं सक्तीचं झालं. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक लिहू लागला. त्यामुळं सत्तरनंतर जन्मलेल्यानं पंचायतीत जावं, त्याआधीच्यानं तहसीलला.

अर्जात गाव, बापाचं आणि आज्याचं नाव आणि सालाचा अंदाज द्यावा लागतो. वर कोर्ट फीचं तिकीट. साल मी आईच्या बोलण्यातून काढलं. गोव्याच्या सत्याग्रहाला गावातली माणसं गेली, तेव्हा अक्का पोटात होती म्हणायची. तो सत्याग्रह ऑगस्ट 1955चा. मी अर्जात 1955 आणि 56 लिहिलं.

तिसऱ्या खेपेला कारकुनानं लाल रुमालातलं दप्तर सोडलं. कागद एवढा कुजलेला की पान उलटताना कडेचा भुगा पडत होता. नोव्हेंबर 1955मध्ये आमच्या वडलांचं नाव सापडलं. पुढं जात, आणि पुढं एकच शब्द, 'मुलगी'. ना पोरीचं नाव, ना आईचं. त्या वहीत बहुतेक पोरांची नोंद अशीच. बारशाच्या आधी कोतवाल येऊन जायचा, नंतर नाव सांगायला कोण जातंय?

मला वाटलं, काम झालं. पण कारकुनानं पुढची पानं चाळली आणि बोट ठेवलं. एप्रिल 1957. मयत. वडलांचंच नाव. मुलगी, वय 3, ताप.

"काका, ही मुलगी तर गेलेली दिसतीय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अहो, अक्का घरी जिवंत आहे."

"मग गेली ती कोण? वय तेव्हा अंदाजानंच लिहायचे. तुमच्या वडलांच्या मुलीचा जन्म या वहीत एकच आहे."

मला उत्तर देता आलं नाही. घरात कधी दुसऱ्या पोरीचं नाव निघालं नव्हतं. अक्काला विचारलं तर तीही गप्प झाली. आई जाऊन तेरा वर्षं झाली होती. उरले होते आमचे मामा, वय पंच्याऐंशीच्या पुढं. नदीपलीकडं त्यांच्या गावाला गेलो. मामांनी ऐकून घेतलं, बराच वेळ काठीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "सोनी म्हणायचो आम्ही तिला. तुमची थोरली. हितंच झाली, ह्याच घरात. तुज्या आईनं पुन्यांदा तिचं नाव काडलं न्हाई."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिलं बाळंतपण माहेरी. मग नोंदही माहेरच्या गावात, आणि ते गाव दुसऱ्या तालुक्यात. पुन्हा अर्ज, पुन्हा तिकीट, पुन्हा दोन खेपा. फेब्रुवारी 1954च्या पानावर सोनी सापडली. वडलांचं नाव, राहणार म्हणून आमचं गाव, आणि तोच शब्द, 'मुलगी'. एप्रिल 57ला ती तीन वर्षांची होते. कोतवालानं वय बरोबर सांगितलं होतं.

मग मी तिन्ही नोंदींच्या सहीशिक्क्याच्या नकला घेतल्या. 1955ची बिननावाची मुलगी म्हणजेच अक्का, असं प्रतिज्ञापत्र केलं, मामांचा अंगठा घेतला आणि सगळं जोडून दिलं. चार महिन्यांनी अक्काचं काम झालं. पैसे सुरू झाले त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तिनंच दिलं म्हणायचं."

आमच्यासारख्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही म्हणतात. लिहिला होता. ज्या कोतवालाला गावात कुणी बसायला पाट देत नव्हतं, त्यानं आणलेली खबर पासष्ट वर्षांनी आमच्या उपयोगी पडली. फक्त त्यात बायकांची नावं घालायची राहिली. म्हणून कुणाला आई-आजीची नोंद शोधायची असेल, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बाळंतपण कुठं झालं ते विचारा. ते माणूस आहे तोवरच विचारा. आमचे मामा त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले.

गेल्या साली मला नात झाली. जन्माची नोंद दवाखान्यानंच केली, एकवीस दिवसांच्या आत. पण नावाची जागा कोरी होती. बारसं झालं त्याच आठवड्यात मी गेलो आणि पोरीचं नाव लिहून घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही.