रविवारच्या पुराणाची कुळकथा

मुरुड, लातूर, अंबाजोगाई या टापूत पोथी म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ उलगडायचा, बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचे आणि शेवटचा अध्याय झाला की समाप्ती करायची. हीच रीत सतराव्या शतकात गोव्याच्या साष्टी प्रांतातल्या चर्चमध्ये शिरली. रविवारी आणि सणावारी तिथे जी पोथी वाचली जाई, ती म्हणजे ख्रिस्तपुराण. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने रचलेला हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. एका परदेशी माणसाने मराठीचा इतका गौरव केला, याचे आपल्याकडे पुष्कळ कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. पण त्या कौतुकात मूळ प्रश्न मागे राहिला. चर्चमध्ये पुराण लावण्याची चाल आली कुठून? या चालीचे एक कुळ युरोपातल्या धर्मसुधारणेत आहे आणि दुसरे मराठी पोथीत. या दोन कुळांची सोयरीक जुळवली ती पाद्र्यांच्या योजनेपेक्षा ऐकणाऱ्यांच्या मागणीने, असे माझे मत आहे.

आधी युरोपकडचे कुळ पाहू. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मन भाषेत आणला आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबल. धर्म लोकांच्या भाषेत समजला पाहिजे, या मागणीला कॅथलिक चर्चने उत्तर दिले ते १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेत. ते उत्तर दुहेरी होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच राहील, पण तिचा अर्थ पाद्र्यांनी लोकांना वेळोवेळी समजावून सांगावा, आणि रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना धर्माची मूलतत्त्वे शिकवावीत, असे तिथे ठरले. पुढे १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमांनी लोकभाषेतले बायबल लेखी परवानगीशिवाय वाचायला बंदी घातली. म्हणजे लोकांना समजावून सांगण्याची सक्ती होती, पण ग्रंथ त्यांच्या हाती द्यायचा नव्हता. या दोन आज्ञांच्या मधली जागा भरायला प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तके होती, संतचरित्रे होती, धर्मकथा होत्या. ख्रिस्तपुराण हे बायबलचे भाषांतर नाही, आदम-इव्हेपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची ती ओवीबद्ध कथा आहे. असे का, याचा एक मोठा भाग या नियमांतून उलगडतो.

पण नुसत्या ट्रेंटने पुराण जन्मले नसते. तमिळ किनाऱ्यावर काम करणाऱ्या, त्याच जेझुइट संघाच्या आंरीक आंरीकिश यांनी १५७८ मध्ये धर्मतत्त्वांचे पुस्तक आणि १५८६ मध्ये संतांची चरित्रे तमिळमध्ये छापली. ती गद्यात होती. आज्ञा एकच, संघ एकच, तरी साष्टीत ओव्यांचे पुराण झाले. त्याचे कारण साष्टीतच शोधले पाहिजे. तिथे १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या धर्मसभेने हिंदू पुरोहित आणि उपदेशक यांना घालवून द्यावे, त्यांचे ग्रंथ काढून घ्यावेत असा आग्रह धरला. १५६० पासून इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, धाक होताच. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, इतका तो प्रदेश धुमसत होता. अशा काळात बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना प्रार्थना आणि प्रश्नोत्तरे पाठ करायला मिळाली, पण पिढ्यानपिढ्या ऐकलेली कथा गेली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच ही उणीव स्पष्ट शब्दांत मांडली आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे का देत नाही, असा सवाल श्रोता पाद्रीगुरूंना करतो आणि त्या सवालातून ग्रंथाला सुरुवात होते.

हा प्रसंग म्हणजे कवीची नुसती योजना आहे, श्रोत्याच्या प्रश्नाने ग्रंथ सुरू करण्याचा पुराणांचा जुनाच प्रघात आहे, असे कोणी म्हणेल. प्रघात जुना आहे हे खरे. पण बंदी घातलेल्या ग्रंथांची उणीव बोलून दाखवणारा प्रश्न कोणत्याही जुन्या पुराणात नाही. तो साष्टीच्या त्या पिढीचाच आहे. शिवाय धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने छापल्या जाणाऱ्या पुस्तकात अशी तक्रार कवीने विनाकारण घातली नसती. तिच्यात तथ्य होते, म्हणूनच ग्रंथ लिहिण्याचे कारण म्हणून ती पुढे करता आली.

आता मराठीकडचे कुळ. स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. त्याआधी सहा वर्षे, १५७३ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी भागवत पूर्ण केले होते आणि १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अंबाजोगाईचे दासोपंत १६१५ साली वारले, ख्रिस्तपुराण छापून झाले त्याच्या आदल्याच वर्षी. गोदाकाठ, बालाघाटचा डोंगर आणि साष्टी या तीन ठिकाणी एकाच काळात संस्कृत किंवा लॅटिनमधले धर्मज्ञान ओवीत उतरत होते. स्टीफन्सनी नाथांचे ग्रंथ वाचले होते, असा दावा करण्याची गरज नाही. गोव्यात ओवी आधीच नांदत होती. कृष्णदास शामाचे कृष्णचरित्र १५२६ मधले, गोव्यातलेच आहे. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात त्या काळच्या पाद्र्यांच्या रोमन लिपीतल्या हस्तलिखितांत रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आणि मराठी काव्ये आजही जपलेली आहेत. म्हणजे ज्या कथा लोकांना ऐकू द्यायच्या नाहीत, त्याच पाद्री स्वतः उतरवून घेऊन अभ्यासत होते. नमन, मग श्रोत्याचा प्रश्न, मग गुरूचे उत्तर आणि कथेचे लहान लहान अवस्वरू, म्हणजे अध्याय, हा सगळा घाट त्या अभ्यासातून आला.

यावर आणखी एक आक्षेप येतो. साष्टीची बोली कोकणी, तेव्हा मराठी पुराण हे तिथल्या लोकांवर लादलेलेच होते. पण स्टीफन्सनी दोन्ही भाषा वापरल्या आणि त्यांची कामे वेगळी ठेवली. मुलांना शिकवायचे प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्यांनी कोकणी गद्यात लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये निघाले. कथेसाठी मात्र त्यांनी मराठी निवडली, कारण गोव्यात पोथीची भाषा आधीपासून मराठीच होती. लिपीबाबत मात्र लोकांची सवय मोडली. देशी अक्षरांचे खिळे करावेत अशी विनंती स्टीफन्सनी १६०८ मध्ये रोमला पत्राने केली होती. ती पुरी झाली नाही आणि मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. जुनी पोथी हिसकावून घेतल्यावर दिलेल्या नव्या पोथीचा गौरव कशाला? देवळे पाडणे आणि ग्रंथ जप्त करणे हा अन्यायच होता. ओव्यांच्या गोडव्याने तो धुतला जात नाही. पण हे पुराण केवळ सत्तेचे हत्यार असते तर सत्तेची मर्जी फिरताच संपले असते. मर्जी खरोखरच फिरली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले आणि १७५९ मध्ये खुद्द जेझुइटांनाच पोर्तुगीज राज्यातून घालवले. तरीही पुराण टिकले, कारण लोकांनी ते हातांनी नकलून ठेवले. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नसताना, १९०७ मध्ये मंगळूरला नवी आवृत्ती निघाली ती अशाच हस्तलिखितांवरून. १९५६ मध्ये ते पुराण देवनागरीत छापले गेले.

ट्रेंटच्या परिषदेने उपदेशाची आज्ञा दिली आणि स्टीफन्सनी प्रतिभा दिली. पण आज्ञेची चाल झाली ती लोकांनी आपली ऐकण्याची रीत सोडायला नकार दिला म्हणून. धर्म बदलला तरी धर्म ऐकायचा तो ओवीतच, हा त्यांचा आग्रह चर्चला मानावा लागला. ख्रिस्तपुराणाला ‘ख्रिस्ती वाङ्मय’ नावाच्या वेगळ्या प्रकरणात बसवून आपले वाङ्मयेतिहास हा आग्रहच पुसून टाकतात. त्याची जागा नाथांच्या आणि दासोपंतांच्या पंगतीत आहे, आणि साष्टीच्या श्रोत्यांची जागा पैठण-अंबाजोगाईच्या श्रोत्यांशेजारी.