कोलकात्याचे सांडपाणी आणि पूर्वेकडील तळी

हुगळीच्या पूर्व काठावर वसलेल्या कोलकाता शहराचा उतार नदीकडे नसून नदीपासून दूर, पूर्वेकडे आहे, कारण शतकानुशतकांच्या पुरांनी वाहून आणलेला गाळ काठावरच साचत गेल्याने काठ उंच झाला आणि त्यामागची जमीन सखल राहिली. शहराच्या मलनिःसारणाचा पुढचा सगळा इतिहास या उताराभोवती घडला. गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०३ मध्ये शहरसुधारणेविषयी लिहिलेल्या टिपणात गटारांच्या सदोष रचनेची तक्रार आढळते. मात्र भूमिगत गटारांची सुसूत्र योजना आकाराला येण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. विल्यम क्लार्क या अभियंत्याने १८५५ मध्ये मांडलेल्या आणि १८५९ ते १८७५ या काळात बांधल्या गेलेल्या या योजनेत मैला व पावसाचे पाणी एकाच भुयारी गटारातून वाहत असे आणि पामर्स ब्रिज येथील उपसा केंद्रातून ते पूर्वेकडील खाऱ्या तलावांच्या दिशेने सोडले जाई.

हे खारे तलाव म्हणजे कोकणात किंवा गोव्यात ज्याला खाजण म्हणतात त्याच जातीचा, भरतीचे पाणी आत घेणारा दलदलीचा प्रदेश होता. विद्याधरी नावाची भरती-ओहोटीची नदी त्याला समुद्राशी जोडत असे आणि तिच्या मचूळ पाण्यावर तेथे मत्स्यशेती चाले. शहराचा कचराही याच दिशेला जाऊ लागला. १८६० च्या दशकात धापा येथे सुमारे एक चौरस मैल जमीन कचरा टाकण्यासाठी घेण्यात आली. पुढे नगरपालिकेची स्वतंत्र रेल्वे तेथे कचरा वाहून नेऊ लागली आणि कुजलेल्या कचऱ्याच्या थरावर, गटाराच्या पाण्यावर भाजीपाला पिकू लागला. शहराने टाकलेला कचरा फ्लॉवर आणि पालेभाज्यांच्या रूपाने शहराच्याच बाजारात परत येण्याची ही रीत नगरपालिकेच्या दूरदृष्टीपेक्षा खंडाने जमीन कसणाऱ्यांच्या गरजेतून रुजली, असे म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल.

विद्याधरी मात्र टिकली नाही. भरतीबरोबर आत येणारा गाळ पूर्वी विस्तीर्ण तलावांवर पसरत असे. मत्स्यशेती आणि भातशेतीसाठी बांध घातले जाऊ लागले तशी पाणी पसरण्याची जागा आक्रसली, गाळ नदीच्या पात्रातच बसू लागला, त्यात शहराच्या मैल्याची आणि कालव्यांमुळे बदललेल्या प्रवाहाची भर पडली. १९२८ पर्यंत ही नदी मलनिःसारणाच्या दृष्टीने मृत घोषित झाली होती. नदी आटल्याने खारे पाणी येणे थांबले आणि मचूळ पाण्यातल्या माशांवर जगणारे अडचणीत आले. त्यांच्यापैकी काहींनी १९३० च्या आसपास गटाराचे पाणी थोड्या-थोड्या प्रमाणात तळ्यांत घेऊन त्यावर गोड्या पाण्यातले मासे वाढवून पाहिले. ज्यांच्या बांधांनी नदीच्या मरणाला हातभार लावला, त्यांनीच तिच्या पश्चात शहराच्या सांडपाण्याची सोय लावली, हा या इतिहासातला विचित्र पेच आहे.

या तळ्यांना बंगालीत भेडी म्हणतात. हिवाळ्यात तळे रिकामे करून त्याचा तळ उन्हात तापवतात, नांगरतात, मग त्यात सांडपाणी घेऊन काही दिवस ते तसेच ठेवतात. तळे उथळ असल्यामुळे सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो, शेवाळ वाढते, शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूवर जिवाणू घाण कुजवतात आणि त्यातून सुटणाऱ्या पोषकद्रव्यांवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पोसले जातात. प्लवक अति वाढले तर पाणी पुन्हा बिघडते. रोहू, कटला, मृगळ हे मासे ते खाऊन समतोल राखतात. अन्यत्र उपद्रवी ठरलेली जलपर्णी येथे बांधाच्या कडेला मुद्दाम राखली जाते, कारण ती लाटांचा मारा अडवते आणि काही प्रमाणात जड धातूही शोषून घेते. तळ्यातून निघणारे पाणी शेवटी भातखाचरांना मिळते.

अभियंत्यांनी दरम्यान आपला मार्ग शोधला होता. डॉ. बी. एन. डे यांच्या योजनेनुसार सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगवेगळ्या कालव्यांतून आणखी पूर्वेला कुलटी नदीत सोडण्याची व्यवस्था १९४० च्या दशकात पूर्ण झाली आणि याच कालव्यांतून भेड्यांना नियमित पाणी मिळू लागले. तरीही सरकारी दप्तरात ही जमीन पडीक दलदलच राहिली. १९६२ मध्ये हुगळीतला गाळ नळांवाटे आणून खाऱ्या तलावांचा उत्तर भाग भरण्यास सुरुवात झाली आणि तेथे बिधाननगर उभे राहिले.

या व्यवस्थेचे मोल कागदावर आले ते १९८० च्या दशकात, ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने सांडपाण्याचा माग काढत मच्छीमारांची पद्धत समजून घेतली तेव्हा. पावसाळ्यात शहराचे पाणी सामावून घेणारी, विजेवर चालणाऱ्या शुद्धीकरण केंद्राचा खर्च वाचवणारी आणि स्वस्त मासळी पुरवणारी ही जागा त्रिभुज प्रदेशातल्या सखल शहराला हवामानबदलाच्या काळात किती उपयोगी आहे, हे त्यानंतर उमगू लागले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तेथील जमिनीच्या वापरात बदल करण्यास मनाई केली, २००२ मध्ये १२,५०० हेक्टरचा प्रदेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आला आणि २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. कायद्याने जमीन राखता येते. पाण्याची पातळी राखणे अवघड जाते. शहर लवकर कोरडे व्हावे म्हणून कालव्यातले पाणी खाली ठेवण्याकडे यंत्रणेचा कल असतो, तर भेड्यांत पाणी उताराने शिरावे यासाठी तीच पातळी वर हवी असते, आणि बनतला येथील दरवाजे केव्हा उघडायचे व केव्हा मिटायचे यावरून हा संघर्ष चालत आला आहे.