शोलाकिळीची बखर

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे, ते मात्र मुठीत मावेल असे एक पाखरू आहे.

आपला सह्याद्री दक्षिणेस नीलगिरी, अनैमलै, पळणी अशी नावे धारण करीत उंचावत जातो. तेथे सुमारे १,४०० मीटरांच्या वर, गवताळ माथ्यांमधील ओलसर घळींत ठेंगणी, घनदाट वने आहेत. त्यांना शोला म्हणतात. या वनांच्या तळाशी, झुडपांच्या अंधारात, हे निळसर पाखरू किडे टिपीत फिरते. त्याची शीळ ऐकू येते. दर्शन क्वचितच घडते.

१८४० च्या दशकात मद्रास सैन्यातील शल्यवैद्य टी. सी. जर्डन यांनी नीलगिरीतील तांबूस कुशीच्या पाखराचे शास्त्रीय वर्णन केले. दक्षिणेकडील पांढऱ्या पोटाच्या पाखराचे वर्णन ब्लॅन्फर्ड यांनी १८६७-६८ मध्ये केले. पुढे दीर्घकाळ ही दोन्ही एकाच जातीची मानली गेली, आणि हिमालयातील आखूड पंखांच्या पक्ष्यांशी त्यांचे नाते जोडले गेले.

अखेर व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांचे सहकारी यांनी जनुकांची साक्ष काढली. २०१७ साली त्यांनी दाखवून दिले की ही पाखरे हिमालयातील त्या पक्ष्यांची जवळची आप्त नव्हेत. त्यांचा वंश स्वतंत्र आहे. त्याला ‘शोलिकोला’, म्हणजे शोलाचा रहिवासी, असे नाव मिळाले. ‘शोलाकिळी’ हे नावही त्यांनीच सुचविले. मलयाळममध्ये किळी म्हणजे पाखरू.

या वंशात जाती तीन निघाल्या, आणि त्यांच्या सीमा डोंगरांतील खिंडींनी आखलेल्या आहेत. पालघाटची खिंड सुमारे ३० ते ४० किलोमीटर रुंद आहे. थंड वनात राहणारे हे पाखरू तिच्या उष्ण सखल भूमीत उतरत नाही. म्हणून उत्तरेची जात उत्तरेस राहिली, दक्षिणेची दक्षिणेस. त्याही खाली, शेनकोट्टा खिंडीपलीकडे, अशांबू डोंगरांत तिसरी जात आहे. लक्षावधी वर्षांचा हा दुरावा आहे.

आता चिंतेची गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकापासून या डोंगरांवर चहाचे मळे आले, निलगिरी आणि वॅटल या परदेशी वृक्षांची लागवड झाली. शोलांचे तुकडे पडले. या अलीकडच्या तोडीचा ठसा पांढऱ्या पोटाच्या जातीच्या आनुवंशिकतेवरही उमटल्याचे २०१५ सालच्या एका अभ्यासात आढळले. निसर्गाने एक खिंड पाडली. आपण शेकडो पाडल्या. ज्या शोलातून हे पाखरू एकदा नाहीसे होईल, तेथे दुसऱ्या डोंगरावरून त्याची जागा घेण्यास कोण येणार? उरलेले शोला राखणे, आणि तुटलेले पुन्हा जोडणे, एवढेच आपल्या हाती आहे.