ज्या आजाराला खाना नाही, तो मोजला जात नाही

वाकड, ताथवडे, पुनावळ्यातून रोज हिंजवडीकडे कामाला जाणाऱ्यांत मेडिकल कोडिंग करणारी मुलंमुलीही आहेत. काम काय, तर अमेरिकेतल्या डॉक्टरनं लिहिलेला कागद वाचायचा आणि प्रत्येक निदानाला ठरलेला कोड लावायचा. कोड चुकला की तिकडं विम्याचं बिल अडकतं. घरच्यांना वाटतं, हे कसलं आकड्यांचं काम! पण मंडळी, या आकड्यांमागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातल्या एका कोडाचा संबंध थेट आपल्या पुणेकरांच्या रक्ताशी आहे.

लंडनमध्ये मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या निघायच्या. १६६२ मध्ये जॉन ग्राँट या व्यापाऱ्यानं त्या याद्या मांडून त्यावर पुस्तक लिहिलं. मृत्यूची कारणं काय लिहिलेली? 'दात', 'अचानक', 'म्हातारपण'. दात येण्याच्या वयात बाळ गेलं की कारण 'दात'! अशा यादीवरून कुठला आजार वाढतोय हे कसं कळणार?

१८९३ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँनी सगळ्या देशांना वापरता येईल अशी मृत्युकारणांची एक यादी शिकागोच्या परिषदेत मांडली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि सहाव्या आवृत्तीपासून मृत्यूंबरोबर आजारांनाही त्यात जागा मिळाली. दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेनं स्वतःची भर घालून ती १ ऑक्टोबर २०१५ पासून दवाखान्यांत लागू केली. अकरावी २०२२ पासून अमलात आली आहे.

आता रक्ताकडे येऊ. प्रथिनं ज्या विटांनी बनतात, ती अमिनो आम्लं. काही बाळांमध्ये जन्मतःच एखादं अमिनो आम्ल पचवणारी यंत्रणा बिघडलेली असते. १९३४ मध्ये नॉर्वेच्या डॉ. फोलिंग यांनी असा एक आजार ओळखला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून तो पकडायची चाचणी काढली. आपल्याकडे गोव्यानं २००८ मध्ये नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. या जन्मजात आजारांचे खाने ई७० ते ई७२.

होमोसिस्टीन हेही असंच एक अमिनो आम्ल. शरीरात ते तयार होतं आणि बी-१२ व फोलेटच्या मदतीनं पुन्हा मार्गी लागतं. बी-१२ कमी पडलं की ते रक्तात साचतं. म्हणजे एकाच पदार्थाच्या दोन गोष्टी झाल्या. एक दुर्मीळ जन्मजात आजार, ज्याचा खाना ई७२ मध्ये. दुसरी, आहारातल्या कमतरतेनं वाढलेली पातळी.

ही दुसरी गोष्ट आपली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ धडधाकट मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. सगळ्यात वाईट स्थिती कोणाची? खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गाची! तिथं हेच आकडे ८१ आणि ७९ टक्के. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण निघालं, कारण बी-१२ प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. शाकाहारी घरात त्याचा आधार म्हणजे दूध-दही.

एवढ्या लोकांत सापडणाऱ्या गोष्टीला कोडांच्या यादीत नेमकी जागा कधी मिळाली? अमेरिकेच्या यादीत १ ऑक्टोबर २०२० पासून आर७९.८३ हा कोड आला: रक्तातील अमिनो आम्लांची असामान्य पातळी. त्याखाली रक्तात वाढलेल्या होमोसिस्टीनचं नाव आहे, आणि जन्मजात आजार त्यात धरायचा नाही अशी सूचनाही आहे. त्याआधी रक्ताच्या 'इतर' दोषांच्या गाठोड्यात ते जायचं, नाहीतर जन्मजात आजाराच्या खान्यात. बी-१२ च्या कमतरतेचा खाना वेगळा, ई५३.८.

फरक का पडतो? 'आर' म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी दिसलं, कारण अजून शोधायचंय. 'ई७२' म्हणजे जन्माचा आजार. 'ई५३.८' म्हणजे कमतरता, जी गोळी-इंजेक्शननं आणि आहारानं भरून काढता येते. चुकीचा खाना पडला तर बरा होणारा माणूस कागदावर जन्माचा रोगी ठरतो.

आणि आपल्याकडे? ताथवड्यात बसलेली मुलगी परदेशातल्या माणसाचं होमोसिस्टीन अचूक खान्यात टाकते. तिच्याच आईच्या केसपेपरवर मात्र "अशक्तपणा" एवढंच लिहिलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आरोग्य नोंदींच्या मानकांत दहाव्या आवृत्तीचे कोड आहेत. पण बाह्यरुग्ण विभागात कारणच लिहिलं गेलं नाही, तर कोड कशाला लावणार? 'अशक्तपणा' हा आपला आजचा 'दात' आहे.

म्हणून दोन गोष्टी करा. केसपेपरवर निदान कारणासकट लिहून मागा आणि रिपोर्ट जपून ठेवा. आणि आपल्या नगरसेवकाला विचारा, की पालिकेच्या दवाखान्यांत वर्षभरात बी-१२ च्या कमतरतेचे किती रुग्ण नोंदले गेले? आकडा मिळाला तर औषधाची मागणी, आहाराचा कार्यक्रम, सगळं त्यावर मागता येईल. मिळाला नाही, तर काम कुठून सुरू करायचं ते कळेल.

उत्तर मिळालं तर खाली कॉमेंटमध्ये नक्की लिहा.