चित्रकर्त्री अंबिका धुरंधर

कल्याणपलीकडील विठ्ठलवाडीहून लोकलनें निघालेला प्रवासी मुंबईच्या शेवटच्या स्थानकावर उतरला कीं, थोड्याच अंतरावर सर जे. जे. कलाशाळेचें आवार लागतें. ह्या आवारांतून पुढें आलेल्या चित्रकारांचीं नांवें रसिक श्रोत्यांना तोंडपाठ असतात. पण त्यांत स्त्रियांचीं नांवें किती? श्रोत्यांनीं क्षणभर आठवून पाहावें. अगदीं आरंभींच्या अशा नांवांपैकीं एक अंबिका धुरंधर यांचें.

अंबिकाबाईंचा जन्म १९१२ सालचा. त्यांचे वडील रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं विद्यार्थी म्हणून ह्या शाळेंत आले, तेथेंच शिक्षक झाले व एक्केचाळीस वर्षांनीं, १९३१ सालीं, निवृत्त झाले. त्याच वर्षीं कन्येनें तेथील पदविका मिळविली! मुलींची कला रांगोळी व भरतकाम येथवरच थांबावी, असें मानणारा तो काळ. अंबिकाबाईंना रंग, कुंचले आणि गुरु हीं तिन्ही घरांतच लाभलीं.

घराचें हें साहाय्य किती मोलाचें, हें फ्रान्सकडे पाहिलें म्हणजे कळतें. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचें दार स्त्रियांना १८९७ सालीं उघडलें. बेर्त मोरिझो ही श्रेष्ठ चित्रकर्त्री त्यापूर्वीं दोनच वर्षें वारली होती. घरच्यांनीं खासगी शिक्षक लावले, निसर्गचित्रकार कोरो यांचें मार्गदर्शन मिळालें, म्हणून ती शिकली. १८७४ सालीं दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनीं पहिलें प्रदर्शन भरविलें, त्यांत तिचें ‘पाळणा’ हें चित्र होतें. निजलेलें मूल, त्यावरचा झिरझिरीत पडदा आणि एकटक पाहणारी आई, एवढाच विषय; परंतु आईच्या मुद्रेवर वात्सल्याबरोबर थकवाही दिसतो. अशा आठ प्रदर्शनांपैकीं सातांत तिनें भाग घेतला. तरीही तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘व्यवसाय नाहीं’ अशी नोंद झाली! तिचा दीर एद्वार माने यानें रंगविलेली कृष्णवस्त्रा स्त्री म्हणूनच ती पुष्कळांना ठाऊक राहिली.

अंबिकाबाईंची शैली मात्र ह्या पंथाची नव्हे. वडिलांची वास्तवदर्शी रीत त्यांनीं उचलली आणि पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग रंगविले. त्यांना महाराष्ट्राची मोरिझो म्हणणें दोघींवरही अन्यायाचें होईल. साम्य आहे तें दैवाचें. ज्या घरानें कुंचला हातीं दिला, त्याच घराची सावली नांवावर पडली.

१९४४ सालीं वडील निवर्तले. त्यानंतर अंबिकाबाईंनीं खारच्या ‘अंबासदन’मध्यें त्यांचीं चित्रें व रेखाटनें दीर्घकाळ जपलीं, ‘माझी स्मरणचित्रें’ ह्या नांवानें आठवणीही लिहिल्या. पितृभक्तीचें हें कार्य थोरच; पण चित्रकर्त्रीच्या आयुष्याचीं किती वर्षें त्याला लागलीं, हाही हिशेब कोणीं तरी मांडावयास हवा. २००९ सालीं त्यांचें निधन झालें. पुढें २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत धुरंधरांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. तें धुरंधर म्हणजे अर्थातच वडील.