ब्लॅक चेरी : फळ, साल आणि औषधी वापर

ब्लॅक चेरी (प्रुनस सेरोटिना) हा गुलाबाच्या कुळातला, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आपसूक वाढणारा वृक्ष. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियापासून फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत तो आढळतो. मेक्सिको व ग्वातेमालात त्याच्या एका उपजातीची फळे ‘कापुलिन’ या नावाने बाजारात येतात. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या तांबूस लाकडाला फर्निचरवाल्यांकडून चांगला भाव मिळतो. जुन्या खोडाची साल करपलेल्या पापडाच्या तुकड्यांसारखी सुटून आलेली दिसते. औषधात मात्र शरद ऋतूत काढून वाळवलेली आतली साल वापरतात. कोवळी डहाळी नखाने खरवडली की कडू बदामाचा वास येतो. झाडाचा औषधी गुण आणि त्याचा धोका, दोन्ही या वासाशी जोडलेले आहेत.

सालीत प्रुनासिन नावाचे ग्लायकोसाइड असते. जिवंत झाडात ते आणि त्याचे विघटन करणारे विकर वेगवेगळे राहतात. साल ठेचली किंवा पाने चुरगळली, की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून साखर, बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड तयार होतात. वास बेंझाल्डिहाइडचा, विष सायनाइडचे. १ ग्रॅम प्रुनासिनचे पूर्ण विघटन झाले तर सुमारे ९१ मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड सुटू शकते. पोटात गेलेल्या सायनाइडची प्राणघातक मात्रा वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.५ ते ३.५ मिलिग्रॅम मानतात. वाळलेल्या सालीत प्रुनासिन थोडेच असते आणि अल्प प्रमाणातले सायनाइड यकृत गंधकाच्या मदतीने निकामी करते. पारंपरिक मात्रेत लोकांना सहसा बाधा होत नाही ती यामुळे.

मूळनिवासी चेरोकी लोक या सालीचा काढा खोकल्यावर आणि सर्दी-तापावर देत. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तो त्यांच्याकडून उचलला आणि १८२० मधल्या पहिल्या अमेरिकी औषधकोशात सालीला जागा मिळाली. तिचे सिरप करताना उष्णता टाळत, कारण उकळल्यास विकर मरते आणि उडून जाणारे घटक वाफेबरोबर निघून जातात. थंड पाण्यात भिजवलेल्या सालीचा अर्क गाळून त्यात साखर विरघळवत. एकोणिसाव्या शतकात ‘विस्टर्स बाल्सम ऑफ वाइल्ड चेरी’सारख्या बाटल्या क्षयसुद्धा बरा करण्याच्या जाहिराती देत खपल्या. पुढे हे सिरप इतर औषधांची कडू चव झाकण्यासाठीच जास्त वापरले गेले. आजच्या खोकल्याच्या औषधांतला कृत्रिम चेरीचा स्वादही मुख्यतः बेंझाल्डिहाइडचाच असतो. त्या बाटलीत साल असेलच असे नाही.

साल खोकला खरोखर थांबवते का? परंपरा जुनी आहे, पण माणसांवरच्या नीट चाचण्यांचा भक्कम आधार तिला नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार पूरक आहार म्हणून विकायच्या मालाची परिणामकारकता आधी सिद्ध करावी लागत नाही. त्यामुळे दुकानात मिळते म्हणजे तपासलेले आहे, असे ग्राहकाने धरून चालू नये.

फळाच्या बाबतीत घोटाळा नावापासूनच सुरू होतो. ‘ब्लॅक चेरी’ लिहिलेल्या रसात किंवा गोळीत अनेकदा गडद रंगाची गोड चेरी (प्रुनस एव्हियम) असते, आणि ज्या अभ्यासांचा दाखला दिला जातो ते गोड किंवा आंबट चेरीवरचे असतात. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात १० निरोगी स्त्रियांना २८० ग्रॅम गोड चेरी खायला दिल्यावर त्यांच्या रक्तातले युरिक ॲसिड काही तासांपुरते उतरले. २०१२ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी गाउटच्या, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या संधिवाताच्या, ६३३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. चेरी खाल्लेल्या दोन दिवसांत झटक्याचा धोका ३५ टक्के कमी आढळला. ही निरीक्षणे होती, औषधाची चाचणी नव्हे. पुढे न्यूझीलंडमध्ये गाउटच्या ५० रुग्णांवर २८ दिवस आंबट चेरीच्या अर्काची चाचणी झाली, तेव्हा युरिक ॲसिडमध्ये फरक पडला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच चेरीच्या मालावर रोग बरा करण्याचे दावे छापणाऱ्या २९ कंपन्यांना ताकीद दिली होती. तेव्हा चेरीच्या भरवशावर ॲलोप्युरिनॉल हे गाउटवरचे औषध बंद करणे धोक्याचे आहे. फळ म्हणून चेरी जरूर खावी. मात्र अर्कातली साखर मधुमेहींनी मोजावी, आणि फार खाल्ल्यास त्यातल्या सॉर्बिटॉलमुळे जुलाब होऊ शकतात हे ध्यानात ठेवावे.

पिकलेल्या ब्लॅक चेरीचा गर निर्धोक, चवीला गोड-तुरट असतो. बिया मात्र फोडून किंवा चावून खाऊ नयेत. त्यांत ॲमिग्डालिन हे प्रुनासिनचेच भावंड असते. मिक्सरमध्ये अख्खे फळ फिरवताना हे विसरले जाते. पाने जनावरांना घातक असतात, विशेषतः फांदी तुटून कोमेजलेली. २००१ च्या वसंतात केंटकीत असंख्य घोड्यांचे गर्भ गेले, तेव्हा पहिला संशय याच झाडाच्या पानांवर आला. नंतर दोष या झाडावर वाढून गवतात उतरलेल्या अळ्यांवर आला.

गर्भवती व स्तनदा मातांनी सालीची पूरके घेऊ नयेत आणि लहान मुलांनाही ती देऊ नयेत. त्यांच्यासाठी सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. इतरांनीही ती जास्त मात्रेत किंवा महिनोन्‌महिने घेऊ नयेत. लेबलवर झाडाचे शास्त्रीय नाव आणि साल की फळ याचा उल्लेख नसेल, तर ती बाटली न घेतलेली बरी. सालीचे पूरक घेतल्यानंतर डोके दुखणे, गरगरणे, उलट्या, धाप किंवा भ्रम जाणवल्यास ती सायनाइडची बाधा असू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.